बत्तीस पोरं चिडीचूप

तपासणीला आलेल्या बिडवई बाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. ती खुर्ची मी सकाळी कमरोद्दीन टेलरच्या दुकानातून डोक्यावर घेऊन आले होते, तिचा एक पाय सुतळीनं आवळला होता, वर पेटीतली धुवट चादर घातली होती. बाईंनी दारात चपला काढल्या, खुर्चीकडे बघून नुसतं हसल्या आणि सरळ पोरांच्या ओळीत, कौसल्याच्या शेजारी, सारवलेल्या भुईवर मांडी घालून बसल्या. साहेब माणूस खाली बसलेला मी कधी बघितला नव्हता. आमच्या शाळेत तपासणी असली की साहेब खुर्चीवर, हेडमास्तर उभे, आणि आम्ही भिंतीला टेकवलेल्या लाकडांसारख्या. ही बाई मात्र चार वर्षांच्या पोरीच्या उंचीला येऊन बसली आणि तिथून आमची सगळी खोली बघायला लागली. तेवढ्या खालून काय दिसतं म्हणून मी पण जरा वाकून बघितलं. चुन्यानं पांढरी केलेली भिंत दिसत होती. मी काढलेले तक्ते दिसत नव्हते. ते फार वर होते, माझ्या डोळ्यांच्या रेषेत, बाबासाहेबांच्या फोटोच्या बाजूला, आणि मान वर केल्याशिवाय खालून त्यांची नुसती खालची कडा दिसत होती. मी पटकन सरळ झाले. मनात म्हटलं, असू दे, तक्त्यांचं काय एवढं, पोरं तर बघा माझी. बत्तीस पोरं, हाताची घडी, तोंडावर बोट, एक श्वास जास्त नाही. बाहेर कापसाच्या जिनिंगचा पट्टा खडखडत होता तो अगदी खोलीत असल्यासारखा ऐकू येत होता, आणि मला आठवलं की आईची बालवाडी भरते त्या आमच्या समाजमंदिरात बसून हा पट्टा मी ह्या आठवड्याआधी कधी ऐकलाच नव्हता. पोरांच्या कालव्यात तो कधी पोचायचाच नाही.

पत्र आलं ते मीच वाचलं होतं. आई केदारखेड्याला चौथीपर्यंत शिकलेली, अक्षराला अक्षर जोडून वाचते, पण पत्रावर गोल शिक्का असला की तिला घाम फुटतो. पत्रात होतं की गावातल्या दोन बालवाड्यांपैकी नव्या योजनेत एकच राहील, पेठेतली किंवा आमची. दोन्हींचं मूल्यमापन होईल, पन्नास गुणांचं, आणि पंचवीसच्या आत पडेल ती महिनाअखेर बंद. आईनं विचारलं, मूल्यमापन म्हंजी काय गं, आणि मी म्हटलं तपासणी, दुसरं काय. ती चुलीपुढं बसली होती, हातातलं लाकूड तसंच राहिलं. बंद झाली तर काय, हे तिनं विचारलं नाही, मी पण नाही. आम्हा दोघींना माहीत होतं. बालवाडीच्या आधी ती जिनिंगमध्ये रुई निवडायला जायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा भुवया पांढऱ्या, केस पांढरे, म्हाताऱ्या बाईसारखी, आणि मग खोकला सुरू व्हायचा. असा खोकला की बापू, माझे वडील, भाकर तशीच ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे, त्यांना ऐकवायचं नाही. मी गोधडीत कानांत बोटं घालून मोजायची, किती झाल्यावर थांबते. मग दुष्काळ पडला, बायका खडी फोडायला गेल्या, त्यांची लेकरं लिंबाखाली राहायला लागली, आणि त्यांना खायला सुकडी वाटायला कुणीतरी बाई पाहिजे म्हणून आईला बसवलं. दुष्काळ सरला, लेकरं राहिली, आई राहिली. खोकला गेला. कधी गेला ते कळलंच नाही, जसा पाहुणा न सांगता उठून जातो. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा त्या धुळीत गेली तर मी सांगू शकत नाही. काय सांगू शकत नाही ते त्यांनी सांगितलंच नाही, आणि तेच अर्धवट वाक्य चार वर्षं माझ्या डोक्यात आहे.

म्हणून मी आईला म्हटलं, तू काही काळजी करू नको, मी हाय ना. आणि मला ते खरंच वाटत होतं. खोटं कशाला सांगू, त्या महिन्यात मला सगळंच खरं वाटत होतं. मी नववीत, वक्तृत्वाच्या स्पर्धेत तालुक्यात पहिली आले होते. त्याच्या आधी मी वर्गात मागच्या बाकावर, माझा आवाज मलाच माहीत नव्हता, बाईंनी नाव विचारलं तरी मान खाली. त्या दिवशी व्यासपीठावर तोंड उघडलं तर आतून भलतीच कुणीतरी बोलायला लागली, ठणठणीत, न घाबरणारी, आणि तीनशे माणसं गप्प बसून ऐकत होती. तीनशे माणसं माझ्यामुळं गप्प. त्यानंतर मला वर्गाची मॉनिटर केलं. मी चालायला लागले तर वेणी पाठीवर आपटते हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मला वाटायला लागलं की जगातली कुठलीही गोष्ट सरळ उभं राहून मोठ्यानं सांगितली की होते.

आणि आईची बालवाडी, खरं सांगायचं तर, मला तिची लाज वाटायची. शाळेतली नंदा एकदा म्हणाली होती, तुझ्या आईची ती शाळा हाय का राजूरचा बाजार गं. सगळ्या हसल्या, मी पण हसले आणि घरी येऊन जेवले नाही. बाजारच होता तो. कुणी कोळशानं भिंतीवर रेघोट्या मारतंय, कुणी चिंचोक्यांच्या रांगा लावतंय, कुणी कमरोद्दीनच्या दुकानातली दोऱ्याची रिकामी रिळं सुतळीत ओवून गाडी म्हणून ओढतंय. चांदपाशा डब्यावर बडवत त्याच्या घरच्या बोलीत गाणं म्हणायचा, आणि बाकीच्या पोरांना शब्द कळायचे नाहीत तरी सगळी म्हणायची. कौसल्या तर सकाळी आली की जाईपर्यंत बोलायची, तिच्या म्हशीबद्दल, म्हशीच्या रेडकाबद्दल, रेडकाच्या नाकाबद्दल. आई त्या सगळ्यांच्या मधे बसलेली, कुणाची तरी वेणी घालत, कुणाला तरी गोष्ट सांगत, मधेच तिसऱ्यालाच हो का, मंग काय झालं असं विचारत. नवीन माणूस आला तर बाई कोणती ते त्याला शोधावं लागायचं. मी मनात म्हणायची, हिला वर्ग धरता येत नाही. चौथी शिकलेल्या बाईला कसा येईल.

तपासणी कशी करायची असते ते मला माहीत होतं. आमच्या शाळेत ती दर वर्षी व्हायची. भिंतीला चुना, दुसऱ्या शाळेतून आणलेले नकाशे, हुशार मुली पुढं, आणि साहेब दारात आले की टाचणी पडली तरी ऐकू यावी. साहेब खूश होऊन म्हणायचे, शिस्त आहे. हे म्हटलं की शाळा पास. म्हणून मी आईकडून पाच दिवस मागून घेतले. माझी शाळा दुपारची, बालवाडी सकाळची, मला जमत होतं. पहिल्या दिवशी मी भिंतीला चुना लावला, कोळशाच्या सगळ्या रेघोट्यांवरून. रिळं, चिंचोके, बांगड्यांचे तुकडे, सगळा कचरा पोत्यात भरला आणि पोतं कपाटाच्या वर फेकलं. आई बघत होती. ती म्हणाली, खेळाया काय देयाचं मंग त्यांला. मी म्हटलं, खेळायचं न्हाई, बसायचं. ती म्हणाली, पोरं हायती बेबी, मेंढरं न्हाईत. मी तिच्याकडे असं बघितलं की ती लगेच चुन्याची बादली उचलायला वाकली आणि तिकडूनच म्हणाली, तू शिकलेली, तुला जास्ती कळतंय. हे ती टोमणा म्हणून म्हणाली नव्हती. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दोन दिवस पोरं ऐकेनात. मी छडी आपटली तर त्यांना तो खेळ वाटला, त्यांनी पण जमिनीवर हात आपटले. माझा घसा बसला. व्यासपीठावरची ती आतली मुलगी कुठं गेली कळेना. तिसऱ्या दिवशी आई हापशावर पाण्याला गेल्ती, आणि मी दार लावून घेतलं. मी म्हटलं, ऐका रे, एक साहेबीणबाई येणार हायती. त्या बघणार. कुणी बोललं, कुणी जागचं हललं, तर त्या तुमच्या बाईला, झुंबरबाईला, धरून घेऊन जातील. परत आणायच्या न्हाईत.

गिरणीची वीज जावी तसं सगळं थांबलं. कौसल्याचं तोंड उघडं होतं, तिनं ते हातानं मिटलं. मी म्हटलं हाताची घडी, बत्तीस घड्या झाल्या. तोंडावर बोट, बत्तीस बोटं. अंगावर काटा आला माझ्या, आनंदाचा. आईला चार वर्षांत जमलं नाही ते मला एका वाक्यात जमलं होतं. आई हंडा घेऊन आली, तिनं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबली, पाणी तिच्या खांद्यावर सांडलं. 'काय झालं गं?' ती म्हणाली. 'कुणाला लागलं का?' मी म्हटलं, काही न्हाई, शिस्त लागली. ती आत आली, हंडा ठेवला, एकेका पोराच्या कपाळाला हात लावून बघत गेली, ताप आलाय का म्हणून. चौथ्या दिवशी चांदपाशाची आजी जन्नतबी मला रस्त्यात भेटली, म्हणाली, बेबी, पोट्टा घर में बी मुंडी नीचे डालके बैठ रा, खाना खाते वख्त बी बात नै करता, नजर लगी क्या देख. मी म्हटलं, खाला, शिस्त हाय ती. ती बिचारी बराबर बराबर म्हणत गेली. मला तेव्हा काहीतरी टोचलं होतं, अगदी बारीक, चपलेत खडा जावा तसं. पण मी घाईत होते. मला अजून आईला शिकवायचं होतं की बाईंनी विचारलं तर काय म्हणायचं.

बिडवई बाईंनी कागद मांडीवर उघडला. मी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले, पाणी देण्याच्या निमित्तानं, आणि खांद्यावरून वाचायला लागले. दहा प्रश्न होते, प्रत्येकाला पाच गुण. मी पहिला वाचला आणि मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय, परत वाचला. मुले आपसांत मोकळेपणाने बोलतात काय. दुसरा, वस्तू मुलांच्या हाताला येतील अशा मांडल्या आहेत काय. तिसरा, मुलांनी स्वतः केलेली चित्रे किंवा इतर काम खोलीत दिसते काय. चौथा, मुले स्वतःहून शिक्षिकेजवळ जातात काय. मी वाचत होते आणि वाटत होतं की हा कागद कुणीतरी पाच दिवसांपूर्वी आमच्या खिडकीतून बघून लिहिलाय. सगळं होतं त्यात. रिळांची गाडी होती, म्हशीचं रेडकू होतं, कोळशाची भिंत होती. सगळं होतं आणि मी ते पोत्यात भरून कपाटावर टाकलं होतं. बाईंनी पहिल्या प्रश्नासमोर पेन्सिल टेकवली, उचलली, कौसल्याकडे वळल्या. नाव काय तुझं, बाळ. कौसल्यानं बोट ओठांवर आणखी घट्ट दाबलं, इतकं की ओठ पांढरा झाला. बाईंनी पिशवीतून चिंध्यांचा चेंडू काढला आणि हळूच तिच्याकडे घरंगळत सोडला. चेंडू तिच्या पायाला लागून थांबला. बत्तीस जण त्या चेंडूकडे बघत होते आणि एकाचाही हात हलला नाही. बाईंनी पहिल्या प्रश्नासमोर एक लिहिलं.

मग त्यांनी मान वर करून आईला विचारलं, 'रोज अशीच बसतात ही?'

मी बाईंच्या मागून आईला खूण करत होते, मान हलवत होते, नाही म्हण, नाही म्हण. आईनं माझ्याकडे बघितलं. पदर दोन्ही हातांत धरलेला, चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा, आणि तिला नीट आठवत होतं, मी पाठ करून घेतलं होतं तसंच. 'व्हय बाई,' ती म्हणाली. 'रोज असंच असतंय. बिलकुल आवाज न्हाई.' आणि माझ्याकडे बघून जराशी हसली, बरोबर आलं ना गं, अशी.

दुसऱ्या प्रश्नाला शून्य, तिसऱ्याला शून्य. पुढं खोलीची स्वच्छता वगैरे होतं, तिथं चार मिळाले, हवा-उजेडाला तीन, पाण्याला तीन, उरलेल्या तिन्हींना एकेक. मी बेरीज करत होते, बेरीज माझी चांगली आहे. मला कळत होतं की ही पंचवीसपर्यंत जात नाही, कुठूनच जात नाही. कानांत जिनिंगचा पट्टा वाजत होता. तो आता खोलीतच होता, माझ्या डोक्यातच फिरत होता, आणि त्याच्यातून पांढरी रुई उडत होती. मी पुढं झाले. मी पोरांच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, बोला रे. बोला ना. चांदपाशा, गाणं म्हण तुझं. माझा आवाज व्यासपीठावरचाच होता, ठणठणीत. पोरं माझ्याकडे बघत राहिली. मी ओरडले, कौसल्ये, म्हशीचं सांग, रेडकाचं सांग बाईंना. त्यांना वाटलं मी त्यांची परीक्षा बघून राह्यले. त्यांनी पाठी आणखी ताठ केल्या. पुढच्या रांगेतलं एक पोरगं रडायला लागलं, पण आवाज नाही, नुसतं पाणी, आणि बोट तसंच. मी चेंडू उचलून त्याच्या हातात कोंबला, त्यानं तो धरलाच नाही. एवढ्याशा लेकरांनी माझा एक शब्द ऐकला होता तो इतका पक्का ऐकला होता की आता माझंच दुसरं काही ते ऐकत नव्हते.

मी बाईंना सांगितलं. शाळेतली भाषा विसरून सांगितलं, की बाई, ही रोज अशी नसतात, मी बसवली हायती, खरं तर लई धिंगाणा करतात, आईजवळ तर मुंग्यांसारखी चिकटतात, भिंतीवर चित्रं व्हती, मीच चुना लावला. धिंगाणा हा शब्द ऐकला आणि आई घाबरली. तिनं मला मागं ओढलं. बाईंना म्हणाली, लहान हाय ती, काही बी बोलती, मनावर घेऊ नका, आमच्याकडं धिंगाणा न्हाई. बिडवई बाई आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला आज त्यांचा राग करता आला असता. त्या म्हणाल्या, 'बाळ, मी ज्या दिवशी येते त्या दिवशीचंच लिहिते. कालचं मला लिहिता येत नाही. सगळीकडे मला कालचंच सांगतात.' आणि उठल्या.

त्या साडी झटकत होत्या तेव्हा कौसल्या उठली. मी दार लावून घेतलं त्या दिवसापासून पहिल्यांदा कुणीतरी न सांगता जागेवरून हललं. तिनं बाईंचा पदर धरला, तोंडावरचं बोट काढलं, आणि अगदी हळू, श्वासातच म्हणाली, 'बाईला नेऊ नका. आमी कुनीच बोललो न्हाई.'

बिडवई बाई खाली वाकल्या. कोण नेणार तुझ्या बाईला, त्यांनी विचारलं. असं कुणी सांगितलं तुला. कौसल्यानं माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं, सगळ्या रांगांनी, एकदम. आईनं पण बघितलं. मला तिच्या चेहऱ्यावर ते कळताना दिसलं, सावकाश, अक्षराला अक्षर जोडून वाचते तसं. आता फक्त एवढंच म्हणायचं होतं की मी सांगितलं. दोनच शब्द. तीनशे माणसांपुढं पंधरा मिनिटं बोलणारी मी. मला वाटतं मी तोंड उघडलं होतं. आत जीभ होती, दात होते, सगळं जागच्या जागी होतं, आणि जिला मी आतली मुलगी म्हणत होते ती कुठंच नव्हती. बिडवई बाई माझ्याकडे बघणार होत्या, जसं कुणी लेकराला मारणाऱ्या माणसाकडे बघतं तसं, आणि मला ते नको होतं. बस्स, एवढंच होतं. आईच्या खोकल्यापेक्षा मला ते बघणं जड गेलं.

'म्या सांगितलं,' आई म्हणाली. 'गप बसावं म्हणून. चुकलं बाई.'

बाईंनी पुन्हा कागद उघडला. चौथ्या प्रश्नासमोर, मुले स्वतःहून शिक्षिकेजवळ जातात काय, तिथं त्यांनी आधी दोन दिले होते. ते खोडले आणि शून्य केलं. मग शेरा लिहिला, उभ्यानंच, आणि आईची सही घेतली. आईनं कागदावर वाकून एकेक अक्षर कोरत नाव लिहिलं, झुंबर कडूबा, आणि पेन्सिल परत देताना दोन्ही हातांनी दिली. बाहेर टांगा उभा होता. टापा रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू आल्या, कारण खोली अजून तशीच होती.

मग पोरांतून कुणीतरी विचारलं, गेली का. आई म्हणाली गेली. आणि पोरं उठली. सगळी एकदम, खुराड्याचं दार निघाल्यासारखी, आईवर पडली. तिच्या हाताला, पोटाला, पायाला हात लावून बघत होती, आहे ना, नेली नाही ना. चांदपाशानं खुर्चीवर चढून गाणं सुरू केलं, खुर्चीची सुतळी सुटली, तो पडला, हसला, परत म्हणायला लागला. कौसल्या बोलत होती, इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एका श्वासात. त्यांना वाटत होतं त्यांनी आईला वाचवलंय. इतकी खूश मी ती पोरं कधीच बघितली नव्हती. मी दारात उभी होते आणि रस्त्याकडे बघत होते. रस्ता मोकळा होता. मला धावता आलं असतं, टांगा फार लांब गेला नसेल, पण धावून मी काय सांगणार होते, आणि ते सांगायचं असतं तर आत्ताच नसतं का सांगितलं.

आई पोरांतून वाट काढत माझ्याजवळ आली. ती मला बोलेल असं वाटलं. मारेल असं वाटलं, मला ते हवं होतं. तिनं माझ्या कपाळाला भिंतीवरून लागलेली चुन्याची रेघ अंगठ्यानं पुसली आणि कालव्यातून ऐकू यावं म्हणून कानाशी तोंड आणून विचारलं, 'तू मागून वाचत व्हतीस ना. काय लिवलं गं बाईनं?'

शेऱ्यात दोन वाक्यं होती. शिस्त उत्तम आहे. मुले बाईंना घाबरतात.

मी म्हटलं, 'शिस्त उत्तम आहे, असं लिवलंय.'

'आणिक?'

'आणिक काही न्हाई.'

तिनं मान हलवली. माझ्या डोळ्यांत बघितलं, थोडं जास्तच वेळ, आणि काय वाचलं कुणास ठाऊक. समोरून जन्नतबी नातवाला न्यायला येत होती, डोळ्यांवर हात धरून, एवढा कालवा कसला म्हणून घाबरून. आईनं पदर नीट केला आणि तिला लांबूनच, मोठ्यानं सांगितलं, 'शिस्तीला उत्तम पडलं, जन्नतबी. आमच्या बेबीनं बसवली व्हती पोरं.'